सातचा तास, दीड जीबी आणि पाण्याचा दिवस : सोलापुरातल्या एका ऑनलाइन विषयाचे प्रकरण

विषय कॉस्टिंग (उत्पादनखर्चाचा हिशेब), वर्ग बी.कॉम. दुसऱ्या वर्षाचा, पटावर ६० नावे. बहुतेकांचा दिवस कामात जातो. कुणी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या चेकिंगला असतो, कुणी युनिफॉर्मच्या शिलाईला, कुणी दुकानात हिशेब लिहितो, काहींच्या घरी आईबरोबर विड्या वळायच्या असतात. दिवसा कॉलेज जमत नाही, म्हणून चार क्रेडिटचा हा विषय ऑनलाइन ठेवायचे ठरते. तास संध्याकाळी सातला.

हे कुठल्या एका कॉलेजचे प्रकरण नाही. शहरातल्या कामकरी विद्यार्थ्यांची परिस्थिती जुळवून मांडलेला हा नमुना आहे. पटसंख्या आणि गणितातले आकडे गृहीत धरलेले आहेत. नियम, तांत्रिक हिशेब आणि बिघाडांची कारणे जशी आहेत तशी दिली आहेत.

आधी एक गोंधळ मिटवू. ऑनलाइन विषय आणि ऑनलाइन पदवी या वेगळ्या गोष्टी आहेत. संपूर्ण ऑनलाइन पदवी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२० च्या मुक्त, दूरस्थ व ऑनलाइन विनियमांखाली येते. ती देण्याचा हक्क पात्र विद्यापीठालाच असतो. त्यासाठी नॅकचे (मूल्यांकन परिषद) किमान ३.२६ गुण किंवा एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरातले स्थान अशा अटी आहेत, आणि फ्रँचायझी देऊन केंद्रे चालवायला मनाई आहे. 'आमच्याकडे ऑनलाइन डिग्री मिळेल' अशी पाटी लावणाऱ्या क्लासला विद्यापीठाचे नाव आणि मान्यतेचे सत्र विचारावे, तेवढ्यात उलगडा होतो. नेहमीच्या पदवीतले काही विषय ऑनलाइन करण्याचा रस्ता वेगळा आहे. स्वयम् या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या पोर्टलवरच्या विषयांसाठी २०२१ च्या विनियमांनी एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत विषय असे घेण्याची मुभा दिली. २०१६ मध्ये ही मर्यादा २० टक्के होती. मात्र स्वयम्‌वरचे कॉमर्सचे बरेच साहित्य इंग्रजीत आहे, आणि या वर्गाला कॉस्टिंग मराठीतून हवे आहे. काही जणांच्या घरात तर तेलुगू बोलतात. शाळा मराठी, घर तेलुगू आणि परीक्षेच्या पेपरवर इंग्रजी संज्ञा, असे तीन भाषांचे वळण घेऊन हा विद्यार्थी कॉस्टिंगपर्यंत पोचतो. पुढे एआय सहाय्यकाचा विषय निघेल तेव्हा हे वळण पुन्हा लागेल.

सातचा लाइव्ह तास का बुडतो

२०२० च्या लॉकडाऊनने एक सवय लावली: ऑनलाइन शिकवणे म्हणजे लिंक टाकणे आणि पीपीटी वाचून दाखवणे. या वर्गातही सुरुवात तशीच होते. पहिल्या आठवड्यात चाळीसएक चेहरे दिसतात, महिन्याभरात बारा-पंधरा उरतात. शिक्षक म्हणतात, मुलांना गोडी नाही. आमच्या मते गोडीच्या आधी हिशेब तपासावा.

लाइव्ह तासाचा व्हिडिओ सेकंदाला ७०० किलोबिट धरला तर ५० मिनिटांच्या तासाला सुमारे २६० एमबी डेटा जातो. प्लॅन दिवसाला दीड जीबीचा, म्हणजे वरवर पाहता पुरेसा. पण संध्याकाळी सातपर्यंत त्यातला किती उरतो? दुपारच्या सुट्टीत रील झालेले असतात, धाकट्या भावाने हॉटस्पॉट घेतलेला असतो. कोटा संपला की वेग सेकंदाला ६४ किलोबिटवर येतो आणि त्या वेगाला व्हिडिओचा तास चालत नाही, चित्र गोठते. त्यातच सात ते दहा ही टॉवरवर सर्वाधिक गर्दीची वेळ. कोटा शिल्लक असलेल्याचाही आवाज तुटतो, आणि कॉस्टिंगमध्ये 'वजा भंगार' हे दोन शब्द तुटले की पुढचे सगळे गणित हातचे गेले.

दुसरे कारण सोलापूरबाहेरच्या माणसाच्या ध्यानात येणार नाही. नळाला पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी पाळी येते, आणि ती संध्याकाळची असली की घरातला प्रत्येक हात घागरीला लागतो. 'सर, आज पाण्याचा दिवस आहे' हे कारण हजेरीच्या कुठल्याही ॲपमध्ये नसते. तिसरे कारण कामाच्या हंगामाचे. शाळा उघडण्याआधीचे दोन महिने युनिफॉर्मच्या शिलाईला उसंत नसते आणि उन्हाळी परीक्षा नेमक्या त्याच सुमाराला येतात. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या आठवड्यात असाइनमेंटची शेवटची तारीख ठेवणारा शिक्षक एक तर बाहेरगावचा असतो किंवा कॅलेंडर न बघणारा.

थोडक्यात, ठरलेल्या वेळी सगळ्यांनी हजर राहण्यावर उभा असलेला तासच इथे चुकीचा निवडलेला आहे. वेग वाढवून तो दुरुस्त होत नाही.

तासाची फोड

दुरुस्तीची सुरुवात कॅमेऱ्यापासून करू नये. आधी फोनचा नकाशा काढावा. सत्र सुरू व्हायच्या आत प्रत्येकाला विचारायचे: फोन स्वतःचा की घरातला, किती वाजता हातात असतो, आत किती जागा रिकामी आहे, अँड्रॉइड कोणते, टाइप कोणत्या लिपीत करता, आणि घरी पाणी कधी येते. यातला रिकाम्या जागेचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ॲप न उघडण्याचे सर्वांत साधे कारण नेटवर्क नसतेच, फोन लग्नाच्या व्हिडिओंनी भरलेला असतो.

मग चार क्रेडिटचे ६० तास नव्याने वाटायचे. १५ आठवडे धरले तर आठवड्याला चार तास येतात. एक तास रेकॉर्ड केलेल्या सहा तुकड्यांचा, दोन तास स्वतः गणिते सोडवण्याचे, एक तास शंकेचा. शंकेचा तास तेवढा लाइव्ह ठेवायचा, तोही दोन वेगवेगळ्या वारी, वेगवेगळ्या वेळी; ज्याला जो जमेल तो.

तुकडा नऊ-दहा मिनिटांचा. स्टँडवर फोन आडवा टांगून खाली ए-फोर कागद ठेवायचा आणि स्केचपेनने लिहायचे. बॉलपेनची बारीक रेघ सहा इंची पडद्यावर दिसत नाही. एका पानावर आठ ओळींपेक्षा जास्त नको. डोक्यावरच्या ट्यूबलाइटने हाताची आणि डोक्याची सावली कागदावर पडते, म्हणून दिवा डाव्या बाजूने घ्यावा, डावखुऱ्यांनी उजव्या. आवाजासाठी साधा कॉलर माईक लागतोच. शहराच्या पूर्व भागात रेकॉर्डिंग करायचे तर शेजारच्या यंत्रमागाचा खडखडाट फोनचा माईक आनंदाने टिपतो.

रेकॉर्डिंग झाले की हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरने ते आवळायचे: ४८० पिक्सेल उंची, सेकंदाला १२ चित्रे, व्हिडिओ २०० किलोबिट, आवाज मोनो ४८ किलोबिट. लिहिणाऱ्या हाताला यापेक्षा जास्त लागत नाही. नऊ मिनिटांचा तुकडा सुमारे १७ एमबी होतो आणि आठवड्याचे सहा तुकडे मिळून शंभर एमबी. पूर्वी एका तासाला २६० जात होते. सोबत २४ किलोबिटची नुसत्या आवाजाची फाइल द्यावी. ती जेमतेम १.६ एमबी होते आणि कोटा संपल्यावरच्या ६४ च्या वेगानेही साडेतीन मिनिटांत उतरते. मशीनवर बसलेल्याला कानात घालून ऐकता येते. नवे तुकडे रात्री बारानंतर खुले करावेत, कारण कोटा तेव्हा नव्याने सुरू होतो आणि टॉवरही मोकळा असतो. वरवर क्षुल्लक वाटणारा हा बदल प्रत्यक्षात सर्वांत जास्त उपयोगी पडतो.

हे सगळे ठेवायला मूडल पुरते. अभ्यासक्रम चालवण्याचे २००२ पासूनचे हे मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर आहे, आणि त्याच्या मोबाइल ॲपमध्ये साहित्य उतरवून नेटशिवाय पाहता येते. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निरोपापुरता असावा. तिथे टाकलेली फाइल तीन दिवसांत 'गुड मॉर्निंग'खाली गाडली जाते.

एक तक्रार इथेच नोंदवतो. दहा मिनिटांच्या तुकड्याला तयारी, दोनदा रेकॉर्डिंग आणि काटछाट धरून दोन-तीन तास जातात. शिक्षकाच्या कार्यभाराच्या तक्त्यात मात्र लेक्चर, प्रॅक्टिकल असे रकाने असतात, रेकॉर्डिंगचा नसतो. हा हिशेब आधी लेखी ठरवून घेतला नाही तर पहिल्या घटकाचे तुकडे उत्साहात होतात आणि तिसऱ्या घटकाला जुनी पीपीटी परत येते.

एक गणित, जवळून

प्रोसेस कॉस्टिंगचे (उत्पादनाच्या एका टप्प्याच्या खर्चाचे) गणित टॉवेलच्या कारखान्यातूनच घेऊ. वर्गातल्या निम्म्या जणांनी वेस्टचे ढीग डोळ्यांनी पाहिलेले असतात. १,००० किलो सूत, २०० रुपये दराने २,००,००० रुपये. मजुरी २४,५०० आणि इतर खर्च १५,०००. एकूण २,३९,५००. नॉर्मल लॉस (कामात होणारच अशी घट) ५ टक्के, म्हणजे ५० किलो, आणि वेस्ट ४० रुपये किलोने विकली जाते, म्हणजे २,०००. प्रत्यक्ष उत्पादन ९३० किलो.

बरोबर रीत अशी: २,३९,५०० वजा २,००० म्हणजे २,३७,५००, भागिले नॉर्मल उत्पादन ९५०, दर २५० रुपये. चांगला माल ९३० किलो, म्हणजे २,३२,५००. अ‍ॅबनॉर्मल लॉस (त्याहून जादा घट) २० किलो, म्हणजे ५,०००. त्यातून वेस्टचे ८०० मिळतात आणि उरलेले ४,२०० कॉस्टिंग नफा-तोटा खात्याला जातात.

चूक ठरावीक जागी होते: ९५० ऐवजी ९३० ने भागले जाते. 'माल ९३० किलो निघाला ना सर, मग त्यानेच का नाही भागायचं?' हा प्रश्न रास्त आहे. ९३० ने भागले तर वीस किलोची नासाडी गुपचूप चांगल्या मालाच्या किमतीत मिसळते आणि मालकाला ती कधी दिसतच नाही. चेकिंगला बसणाऱ्या मुलीला हे एका वाक्यात पटते, कारण माल कमी भरला की विचारणा तिच्याकडेच होते.

हे गणित घरी पाठवताना प्रत्येकाला वेगळे आकडे द्यावेत. मूडलमधला कॅल्क्युलेटेड प्रश्नप्रकार त्यासाठीच आहे: आकड्यांच्या जागी महिरपी कंसात चल ठेवायचे आणि त्यांच्या मर्यादा द्यायच्या. तीन ठिकाणी ठेच लागते. उत्पादनाचा आकडा स्वतंत्रपणे यादृच्छिक ठेवला तर काहींचे उत्पादन नॉर्मलपेक्षा वर जाते आणि त्यांच्या वाट्याला न शिकवलेला अ‍ॅबनॉर्मल गेन (अपेक्षेपेक्षा जास्त माल) येतो. म्हणून उत्पादन सूत्रातून काढावे: नॉर्मल उत्पादन वजा १० ते ४० किलो. दुसरे, दर पूर्णांकात घेणाऱ्यावर अन्याय नको, म्हणून १ टक्का सूट ठेवावी. तिसरे, फोनचा कीबोर्ड मराठी असेल तर मूल देवनागरीत अंक टाकते. प्रश्नप्रकाराला तो आकडा ओळखू येत नाही आणि अचूक उत्तराला शून्य पडते. प्रश्नाच्या वरच ठळक सूचना हवी: उत्तर इंग्रजी अंकात, स्वल्पविराम न देता.

नोट्स वाचणारा सहाय्यक

आता नव्या तंत्रज्ञानातला सर्वांत गाजलेला भाग. शिक्षकाच्या नोट्स आणि सोडवलेली गणिते एआय सहाय्यकाला द्यायची आणि रात्री अकरा वाजता आलेल्या शंकेला त्याने त्याच नोट्समधून उत्तर द्यायचे. कल्पना चांगली आहे. मराठीत ती अडते कुठे ते पाहू.

नोट्स पंधरा वर्षांपूर्वी श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मराठी फॉण्टमध्ये, टाइप केलेल्या असतात. पीडीएफ डोळ्याला स्वच्छ दिसते, पण आतला मजकूर युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकाला कळणारी मराठी, नसतो. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पेस्ट केली की लगेच कळते: मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा कचरा उमटतो. सहाय्यकालाही तोच कचरा दिसतो, आणि मग तो नोट्स सोडून स्वतःच्या मनचे सांगतो. फाइल रूपांतरित करावी लागते, आणि रूपांतरातही रफार आणि वेलांटी जागा सोडतात. 'खर्च'चे 'खचर्' होते. कॉस्टिंगच्या नोट्समध्ये तोच शब्द पानोपानी असतो, त्यामुळे खर्च शोधला तर काहीच सापडत नाही. रूपांतरानंतर असे वीस-पंचवीस शब्द हाताने तपासावेत.

सहाय्यक नोट्सचे तुकडे करून त्यांतून उत्तर शोधतो. हे तुकडे अक्षरे मोजून पाडू नयेत. 'क्षि' हे एक अक्षर दिसते, पण संगणकाच्या लेखी ते चार चिन्हे आणि युटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत १२ बाइट असते. इंग्रजीच्या मापाने कापले तर शब्द मधोमध तुटतो आणि गणित एका तुकड्यात, त्याचे उत्तर दुसऱ्यात जाते. एक सोडवलेले गणित म्हणजे एक तुकडा, कितीही लांब असो.

मग शब्दांची जुळणी. नोट्समध्ये 'असामान्य हानी' असते, विद्यार्थी 'अबनॉर्मल लॉस' लिहितो, कारखान्यात 'जादा वेस्ट' म्हणतात. तिन्ही एकच आहेत हे यादी करून सांगावे लागते. पन्नास-साठ संज्ञांची अशी यादी दोन दुपारच्या कामाची आहे आणि तिच्याइतका फायदा महागडे मॉडेल घेऊनही होत नाही.

एवढे करूनही वरच्या गणितात सहाय्यक किलोला २५५.३८ रुपये दर सांगू शकतो, म्हणजे ९३० ने भागून. कारण असे की नोट्समधले पहिले सोडवलेले गणित फक्त नॉर्मल लॉसचे असते, तिथे प्रत्यक्ष आणि नॉर्मल उत्पादन एकच असते, आणि शोधात तेच जवळचे म्हणून वर येते. विद्यार्थ्याची चूक आणि यंत्राची चूक एकच निघते, तीही ठाम भाषेत, त्यामुळे विद्यार्थी बिनघोर होतो. उपाय दोन. प्रत्येक गणिताला 'अ‍ॅबनॉर्मल लॉस आहे' किंवा 'नाही' अशी खूण लावावी. आणि सहाय्यकाला अंतिम आकडा द्यायची मनाई करून उलट प्रश्न विचारायला लावावे: 'नॉर्मल उत्पादन किती किलो यायला हवे होते?' सुरू करण्याआधी उत्तरे माहीत असलेल्या पन्नास प्रश्नांनी त्याची परीक्षा घ्यावी, त्यात नोट्सबाहेरचे पाच प्रश्न घालावेत आणि त्या पाचांना तो 'हे नोट्समध्ये नाही, मॅडमना विचारा' म्हणतो का ते पाहावे. नाही म्हणता येत नसेल तर तो वर्गात आणू नये.

त्याचा एक उपयोग मात्र जाहिरातीत कुणी सांगत नाही. आठवड्याच्या प्रश्नांची यादी शिक्षकाने वाचायची. वर्गात हात वर न करणारी मुले इथे विचारतात. एकाच पायरीवर पंधरा जण अडले असतील तर दोष बहुधा व्हिडिओच्या तुकड्यात असतो, तो पुन्हा रेकॉर्ड करावा.

गुण कशाला द्यायचे

२०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले आणि घरी सोडवायच्या असाइनमेंटचा अर्थ बदलला. प्रश्नाचा फोटो काढला की उत्तर समोर. ते पकडणारी सॉफ्टवेअर विकत घेऊ नयेत. ओपनएआयने स्वतःचेच ओळख-यंत्र अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांना दिसले की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे निबंध अशी यंत्रे मोठ्या प्रमाणात यंत्रलिखित ठरवतात. पाठ करून पुस्तकी इंग्रजी लिहिणाऱ्या आपल्या मुलांवर आळ यायला वेळ लागणार नाही.

घरून कॅमेऱ्यासमोर परीक्षा हाही मार्ग इथे बसत नाही. दोन खोल्यांचे घर, मागून आजी जाते, सॉफ्टवेअर 'दुसरा चेहरा' म्हणून खूण करते. वीज जाते, खोली अंधारते, 'चेहरा दिसत नाही' अशी दुसरी खूण पडते. स्वयम्‌ची परीक्षाही केंद्रावरच होते, ते उगीच नाही.

या वर्गासाठी साधी रीत पुरते. असाइनमेंट घरून, हवी ती मदत घेऊन. नंतर सुट्टीच्या दिवशी कॉलेजात प्रत्येकाची चार मिनिटे तोंडी. स्वतःचेच गणित समोर ठेवून तीन प्रश्न: हा आकडा कुठून आला, उत्पादन दहा किलोने कमी झाले तर काय बदलेल, आणि हा तोटा कोणत्या खात्याला गेला. ६० जणांना २४० मिनिटे, दोन शिक्षकांना दोन-दोन तास. असाइनमेंटला कमी आणि तोंडीला जास्त गुण ठेवले की नुसती नक्कल करून भागत नाही.

नावाचा घोळ

सगळे पार पडून क्रेडिट जमा होताना एक अडचण हमखास येते. क्रेडिट अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (क्रेडिट साठवण्याच्या ऑनलाइन खात्यात), विद्यार्थ्याच्या बारा अंकी क्रमांकावर, डिजिलॉकरमार्फत जातात आणि सात वर्षांपर्यंत वापरता येतात. क्रमांक आधारवरून निघतो. आधारवर आधी नाव, मग वडिलांचे, मग आडनाव. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी. तेलुगू आडनावांचे इंग्रजी स्पेलिंग शाळेत एक, आधारवर दुसरे. लग्न झालेल्या मुलीचे तर दोन्ही वेगळे. जुळणी फसली की क्रेडिट अडकतात आणि ते कळते पुढच्या प्रवेशाच्या आठवड्यात, जेव्हा आधार केंद्रावर रांग असते. म्हणून हा क्रमांक काढून त्याचा स्क्रीनशॉट आणि गुणपत्रिकेची पहिली ओळ शेजारी शेजारी ठेवून तपासणे हे कोर्सच्या पहिल्या आठवड्याचे काम आहे, पहिल्या व्हिडिओच्याही आधीचे. स्पेलिंगमध्ये फरक असलेल्यांची वेगळी यादी करून, आधार बदलायचे की कॉलेजच्या नोंदी, हे त्याच आठवड्यात एकेकाला लिहून द्यावे.